‘टेरिफायर २’ पाहून लोक खरंच बेशुद्ध पडले का? आणि असे बरेच प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की ‘टेरिफायर २’मधल्या आर्ट द क्लाउनचा पांढराफटक चेहरा मोबाइलवर पुन्हा फिरायला लागतो आणि त्यामागोमाग तीच जुनी बातमी: ‘सिनेमा पाहून प्रेक्षक बेशुद्ध’. ज्यांनी पाहिलाय ते आणि ज्यांची हिंमत होत नाही ते, दोघंही तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतो. शेवट फोडणारा मजकूर अगदी थोडा आहे आणि तिथे तसं सांगितलं आहे.

हा नेमका कुठला सिनेमा?

डेमियन लिओनी या अमेरिकन दिग्दर्शकाचा २०२२ सालचा स्लॅशर, म्हणजे खुनी एकेकाला कापत सुटतो असा भयपट. लंडनच्या फ्राइटफेस्ट या भयपट महोत्सवात ऑगस्टअखेर दाखवला गेला आणि ६ ऑक्टोबरला अमेरिकेत लागला. बजेट अडीच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण दोन कोटी रुपये. लांबी १३८ मिनिटं. खलनायक आर्ट द क्लाउन, काळ्या-पांढऱ्या वेशातला मुका विदूषक. तो बोलत नाही, ओरडत नाही, हसतानाही त्याच्या तोंडून आवाज निघत नाही. ही भूमिका डेव्हिड हॉवर्ड थॉर्नटनची. त्याच्या विरोधात उभी राहते सिएना, म्हणजे लॉरेन लव्हेरा.

आर्ट २०२२ मध्ये अचानक उगवलेला नाही. लिओनीने तो २००८ च्या एका शॉर्ट फिल्ममध्ये आणला, मग २०११ च्या आणखी एका शॉर्टमध्ये, मग २०१३ च्या एका कथासंग्रहवजा सिनेमात. २०१६ चा पहिला ‘टेरिफायर’ त्यानंतरचा. चौदा वर्षं एकच माणूस एकाच विदूषकामागे लागला होता. दुसरा भाग पाहताना ते जाणवतं.

तर, लोक खरंच बेशुद्ध पडले का?

काही जण पडले, असं मानायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात प्रेक्षकांनी स्वतः सोशल मीडियावर लिहिलं होतं: शेजारचा कोसळला, कुणाला उलटी झाली, मित्राला भोवळ आली म्हणून थिएटरवाल्यांनी अँब्युलन्स बोलावली. मग वृत्तसंस्थांनी तीच मोजकी उदाहरणं उचलली आणि जगभर फिरवली. आपल्याकडच्या बातम्यांपर्यंत येताना ‘काही प्रेक्षक’चे ‘प्रेक्षक’ झाले, आणि वाचणाऱ्याला वाटलं की अख्खं थिएटर आडवं झालं.

बहुतेकांनी हा सिनेमा पॉपकॉर्न खात, हसत, मधूनच डोळ्यांवर हात ठेवत पाहिला. त्याची बातमी कोण करणार?

ही सगळी जाहिरातबाजी नव्हती कशावरून?

शंका रास्त आहे, कारण या धंद्याचा इतिहासच तसा आहे. पॅरिसचं ग्राँ गिन्योल थिएटर १८९७ ते १९६२ या काळात रक्तबंबाळ नाटकांसाठी गाजलं. तिथे प्रेक्षागृहात डॉक्टर ठेवत, आणि प्रयोग किती रंगला ते किती जणांना भोवळ आली यावरून ठरवत. १९५८ मध्ये विल्यम कासल या अमेरिकन निर्मात्याने आपला सिनेमा पाहताना भीतीने मेलात तर हजार डॉलर, असा विमा प्रत्येक तिकिटामागे दिला आणि लॉबीत नर्स उभ्या केल्या. पुढे सत्तरच्या दशकात उलटीच्या पिशव्या वाटण्याचीही टूम निघाली. यातल्या कुणालाही प्रेक्षकांच्या तब्येतीची काळजी नव्हती.

‘टेरिफायर २’च्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. आधी प्रेक्षकांच्या पोस्ट आल्या. त्यानंतर निर्मात्यांपैकी एक, स्टीव्ह बार्टन, यांनी ज्यांना गरगरतं त्यांनी जपून पाहावं असा जाहीर इशारा दिला. ही आमची चाल नाही, सुचली असती तर बरं झालं असतं, असंही ते म्हणाले. लिओनीचं म्हणणं होतं की चार माणसं उठून गेली तर ते मी मिरवेन, पण कुणी कोसळून डोकं फोडून घ्यावं अशी माझी इच्छा नाही.

मला दोघांचंही खरं वाटतं. पण इशाऱ्यासारखी जाहिरात नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं मात्र नाही. मर्यादित थिएटरांत थोडे दिवस लागलेल्या या सिनेमाची कमाई दुसऱ्या विकेंडला पहिल्यापेक्षा वाढली आणि तिसऱ्याला आणखी वाढली. सहसा दुसऱ्या आठवड्यात हॉरर आपटतो. जगभरातला गल्ला दीड कोटी डॉलरच्या पुढे गेला.

पडद्यावर रक्त पाहून माणूस कोसळतो कसा? मला इंजेक्शन पाहूनच चक्कर येते.

मग हा भाग नीट वाचा. भीती वाटली की सहसा छाती धडधडते आणि रक्तदाब चढतो. रक्त, जखम, सुई यांची ज्यांना दहशत असते त्यांच्यात पहिल्या काही क्षणांनंतर गाडी उलटी फिरते. व्हेगस नावाचा मज्जातंतू जास्तच जागा होतो, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. घाम, कानात गुणगुण, डोळ्यांपुढे अंधारी, आणि माणूस खाली. शंभरात तीन-चार जणांना हा त्रास असतो आणि बऱ्याचदा तो घराण्यात चालत आलेला असतो. भित्रेपणाशी त्याचा संबंध नाही. धट्टीकट्टी माणसं रक्तदान शिबिरात आडवी होतात ती याचमुळे.

शरीराला सिनेमाचा प्रकारही कळत नाही. २०१० मध्ये एका गिर्यारोहकाच्या सत्यकथेवरच्या सिनेमात नायक अडकलेला स्वतःचा हात कापतो, तेव्हाही लोक कोसळल्याच्या बातम्या होत्या. तो काही हॉरर नव्हता. २०१६ च्या टोरंटो महोत्सवात एका फ्रेंच सिनेमाच्या वेळी अँब्युलन्स आली होती.

उपाय सोपा आहे. लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने तो रुजवला: हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सैल सोडा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा. त्याने रक्तदाब वर राहतो. अंधारी आलीच तर उठून बाहेर पळू नका, कारण उभं राहिलात की हमखास पडाल. डोकं खाली घ्या, जमल्यास आडवे व्हा, पाय वर. आणि उपाशीपोटी बसू नका. भरल्या पोटाची भीती वाटत असेल तर हलकं खा. यापूर्वी कधी कोसळला असाल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मगच ठरवा.

सगळे ‘तो बेडरूमचा सीन’ म्हणतात. तो काय आहे?

सिएनाची मैत्रीण अ‍ॅली घरी एकटी असते आणि आर्ट दारात येतो. पुढे जे होतं त्याचं वर्णन मी करणार नाही; आंतरजालावर हवं तेवढं सापडेल. सिनेमा सोडून जाणारे बहुतेक इथेच उठतात, आणि जे थांबतात ते पुढे वर्षभर हाच सीन सांगत सुटतात.

पण त्याबद्दलच्या प्रतिक्रिया नीट ऐकल्या तर एक गोष्ट लक्षात येते. लोक नुसत्या काटाकापीबद्दल बोलत नाहीत. ते मिठाबद्दल बोलतात. आर्ट एकदा खोलीबाहेर जातो, आपल्याला वाटतं संपलं, आणि तो ब्लीच आणि मीठ घेऊन परत येतो. जखमेवर मीठ, शब्दशः. त्या क्षणी प्रेक्षागृहात दोन आवाज एकदम येतात: कण्हण्याचा आणि हसण्याचा. कधीकधी एकाच घशातून.

हेच समजत नाही. लोक हसतात कसे?

माझ्या मते या सिनेमाविषयी हाच एक प्रश्न खोलात जाऊन विचारण्यासारखा आहे. बेशुद्धीची बातमी त्यावर नुसतं पांघरूण घालते.

थॉर्नटन मूकाभिनयात मुरलेला नट आहे. आर्टची चाल, मान तिरकी करणं, कुणी पाहतंय हे कळल्यावर लाजल्याचं नाटक करणं, हे सगळं मूकपटातल्या विनोदी नटांच्या घराण्यातलं आहे. सुरुवातीला तो रक्ताने माखलेले कपडे धुवायला लाँड्रोमॅटमध्ये जातो आणि मशीन फिरेपर्यंत नागडाच पेपर वाचत बसतो. पुढे हॅलोविनच्या सामानाच्या दुकानात सिएनासमोर एकामागून एक चित्रविचित्र गॉगल लावून पाहतो. तिची भीतीने गाळण उडालेली असते आणि आपण फिदीफिदी हसत असतो. आवाज न करता हसवणाऱ्या माणसाकडे आपण आपोआप ओढले जातो, आणि तोवर दिग्दर्शकाने आपल्याला खुन्याच्या बाजूला नेऊन बसवलेलं असतं.

म्हणूनच प्रेक्षकांमध्ये खरी फूट ‘सहन झालं’ आणि ‘झालं नाही’ अशी नाही. काहींना आपण हसलो याचीच मजा वाटते. काहींना त्याचाच राग येतो, आणि हा राग सिनेमावर निघतो. ‘पाहवत नव्हतं’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आजूबाजूचे हसत होते ते पाहवत नव्हतं’ असं म्हणणारा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

लिओनीला याची जाणीव असावी. सिएनाचा धाकटा भाऊ जोनाथन आर्टच्या खुनांची माहिती जमवत असतो आणि हॅलोविनला आर्टचाच वेश घालायचं त्याच्या मनात असतं. आई आणि बहीण दोघी चरकतात. तेवढ्यात आठवतं की सिनेमाला आर्टचा वेश करून आलेले कित्येक जण याच थिएटरात बसलेत. दिग्दर्शक त्यांना उपदेश करत नाही, नुसता आरसा धरतो आणि पुढे जातो. मला वाटतं, त्याने तो आणखी थोडा वेळ धरायला हवा होता.

हा सिनेमा बायकांचा द्वेष करतो, असं म्हणतात. खरं का?

पहिल्या भागाबद्दल ही तक्रार रास्त होती. त्यात एका तरुणीला उलटी टांगून करवतीने मारण्याचा सीन आहे आणि तो ज्या निवांतपणे दाखवलाय त्याने अनेकींचा, आणि अनेकांचाही, संताप झाला. शिवाय त्यात कुणाला पात्र म्हणावं असं माणूसच नव्हतं. कथा आणि पात्रं नाहीत, ही टीका लिओनीने स्वतः मान्य केली आणि दुसरा भाग लिहिताना सगळा भर सिएनावर दिला.

तो भर दिसतो. वडील वारलेले, आई त्रासलेली, भावाची काळजी. वडिलांनी चित्रवहीत रेखाटलेला योद्ध्याचा पोशाख ती स्वतः शिवते. लव्हेराने तिला इतकं जिवंत केलंय की शेवटच्या अर्ध्या तासात प्रेक्षागृहाचा सूर पालटतो. मघाशी विदूषकाला हसणारे आता तिच्यासाठी टाळ्या पिटतात.

पण हिशेब चुकता झाला असं मी म्हणणार नाही. अ‍ॅलीचा सीन याच सिनेमातला आहे. पुरुषही क्रूरपणे मरतात, पण कॅमेरा सर्वांत जास्त वेळ कुणाच्या यातनांवर थांबतो ते घड्याळ लावून पाहिलं तरी कळतं. एक सशक्त नायिका दिली म्हणून बाकीचं माफ, हा युक्तिवाद चाहत्यांचा आवडता आहे आणि लंगडाही.

सव्वादोन तासांचा स्लॅशर? एवढं काय आहे त्यात?

फार काही नाही. पहिला भाग दीड तासाच्या आत संपतो. इथे स्वप्नातलं क्लाउन कॅफेचं लांबलचक प्रकरण आहे, आईशी भांडणं आहेत, जादूची तलवार आहे, आर्टसोबत फिरणारी फिकट चेहऱ्याची मुलगी आहे. कात्री चालवायला हवी होती ही तक्रार चाहतेही करतात. लिओनीने संकलनही स्वतःच केलं. स्वतःच्या पोरावर कात्री कोण चालवणार?

इतक्या कमी पैशांत एवढं खरं कसं दिसतं?

कारण ते बहुतेक सगळं हाताने केलेलं आहे. लिओनी मुळात मेकअप आणि स्पेशल इफेक्ट्सचा माणूस. फोम, लेटेक्स, सिलिकॉन, नळ्यांतून सोडलेलं नकली रक्त, नटाच्या चेहऱ्यावरून घेतलेले साचे. कॉम्प्युटरवर रंगवलेलं रक्त डोळा ओळखतो, पण समोर ठेवलेल्या वस्तूवर उजेड खरा पडतो. लोकवर्गणीतून ५० हजार डॉलर मागितले होते, जमले दोन लाखांच्या वर. वर्गणी देणाऱ्यांना ठाऊक होतं की पैसा कशावर खर्च होणार आहे. २०१९ च्या शरदात सुरू झालेलं शूटिंग कोविडमुळे रखडलं. त्यामुळे काही गोष्टींना मोठ्या स्टुडिओने दिला नसता एवढा वेळ मिळाला.

शिसारी येण्याइतकीच ‘हे केलं कसं?’ ही प्रतिक्रियाही त्यामुळे सर्रास ऐकू येते. रक्तपाताचे शौकीन जादूच्या प्रयोगाला बसल्यासारखे बसतात.

समीक्षकांचं काय म्हणणं होतं? ऑस्करची भानगड काय?

अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं. तक्रार लांबीची आणि विस्कळीत कथेची, कौतुक थॉर्नटन, लव्हेरा आणि इफेक्ट्सचं. भयकथालेखक स्टीफन किंग यांनीही जुन्या पद्धतीने किळस आणणारा सिनेमा म्हणून ट्विटरवर पाठ थोपटली. ऑस्करसाठी सिनेमा विचारार्थ पाठवला होता हे खरं, पण पात्रतेच्या अटी पाळल्या की कुणीही पाठवू शकतं. नामांकन मिळालं नाही. ती थट्टा होती आणि सगळ्यांना ते माहीत होतं.

भीती वाटते का, की नुसती किळस येते?

किळस जास्त, भीती कमी. भरताने नाट्यशास्त्रात बीभत्स आणि भयानक हे रस वेगळे मांडले, एकाचा स्थायीभाव जुगुप्सा, दुसऱ्याचा भय, आणि बीभत्सातून भयानक उपजतो असंही सांगितलं. ‘टेरिफायर २’ बहुतेक वेळ पहिल्यावरच थांबतो. हास्याचं बोट धरून तो बीभत्साकडे जातो आणि भयापर्यंत क्वचितच पोचतो. दुकानातला गॉगलचा सीन तिथवर जातो, आणि त्यात रक्ताचा थेंब नसतो.

मराठी भयकथांवर वाढलेल्याला म्हणूनच हा सिनेमा फसलेला वाटू शकतो. आपल्याकडे दाराआड काय आहे ते न दाखवण्यात कसब मानतात. मरण रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नये असा दंडक भरतानेच घालून ठेवलाय. लिओनी दार सताड उघडतो आणि दिवेही लावतो. कुठलं बरं हे स्वभावावर आहे. मला दोन्ही लागतं, वेगवेगळ्या दिवशी.

असले सिनेमे आवडणारी माणसं विकृत असतात का?

नाही. डेन्मार्कच्या आरहुस विद्यापीठात करमणुकीच्या भीतीवर काम करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधकांनी भुताटकीच्या घरात जाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा भीती फार कमी किंवा फार जास्त असली की मजा कमी आणि मधल्या टप्प्यावर सर्वाधिक, असं आढळलं. तो मधला टप्पा ज्याचा त्याचा वेगळा. काही जण थराराला येतात, काही स्वतःची कसोटी पाहायला, काही मनातली काळजी तासभर दुसरीकडे गुंतवायला. आणि मित्रांच्या घोळक्यात ‘मी डोळे मिटले नाहीत’ म्हणून मिरवायला येणारे तर असतातच. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही.

उलट बाजूही सांगायला हवी: ज्याला असलं पाहवत नाही तो बुळा नाही. कुणी मध्येच उठून गेलं तर त्याची टर उडवू नका. जी व्यक्ती खऱ्या हिंसेतून गेली आहे तिला ‘अगं, सिनेमाच आहे’ असं म्हणून बसवणं तर साफ चूक.

भारतात पाहताना काय लक्षात ठेवायचं?

अमेरिकेत हा सिनेमा कुठलंही रेटिंग न घेता लागला आणि ब्रिटनमध्ये एकही कट न लावता फक्त प्रौढांसाठी मंजूर झाला. आपल्याकडे थिएटरात लागायचा तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ‘ए’ देतानाही बोर्ड कट सुचवू शकतं. ओटीटीवरचे सिनेमे बोर्डाकडे जात नाहीत. २०२१ च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मने स्वतःच वयोगट ठरवायचा असतो. कापलेली प्रत ओळखायची तर लांबी बघा. १३८ मिनिटांपेक्षा बरीच कमी असेल तर काहीतरी गेलंय.

आधी पहिला भाग पाहायलाच हवा का?

गरज नाही. कथा कळायला दोन वाक्यं पुरतात: आर्टने एका हॅलोविनच्या रात्री कत्तल केली, तो मेला आणि शवागारात पुन्हा उठला. पण त्यातून वाचलेली, चेहरा विद्रूप झालेली व्हिक्टोरिया इथेही आहे, तिच्यासाठी पाहावा.

तिसऱ्या भागालाही लोक असेच बेशुद्ध पडले का?

बातम्या आल्या, लोक उठून गेल्याच्या आणि उलट्या झाल्याच्या. पण तोवर सगळे तयारीने आले होते. बजेट वीस लाख डॉलरवर गेलं होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेमा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर लागला आणि जगभरात नऊ कोटी डॉलरच्या आसपास कमावले. फ्रान्सने १८ वर्षांखालच्यांना बंदी घातली. एवढा खपल्यावर त्याला चोरून पाहायचा सिनेमा म्हणायचं कसं, हा आता जुन्या चाहत्यांचा प्रश्न आहे. काहींना ‘आपला’ विदूषक सगळ्यांचा झाल्याचं वाईट वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नये.

शेवटी नावं सुरू झाली की उठायचं का?

इथे शेवट फुटतो, नको असेल तर पुढचं वाचू नका. उठू नका. नावांच्या मध्येच एक सीन आहे, मनोरुग्णालयातला, व्हिक्टोरियाचा, आणि तिसऱ्या भागाची कथा त्यातूनच पुढे जाते. कुस्तीपटू ख्रिस जेरिको तिथे कर्मचाऱ्याच्या भूमिकेत दिसतो. किळसेच्या बाबतीत तो सीन मधल्या कुठल्याही सीनच्या तोडीचा आहे, तेव्हा उरलेले पॉपकॉर्न आधी संपवा.